परड्यात मनोल्या याव्यात तर दाणा ताजा हवा

दाण्याची थाळी लावून महिना झाला तरी मनोली फिरकत नसेल, तर दोष बहुतेक वेळा थाळीचा नसतो, दाण्याचा असतो. मनोली, म्हणजे मुनिया, ही दाणे सोलून खाणाऱ्या फिंच पक्ष्यांतली. दहा-अकरा सेंटिमीटरची, आखूड जाड चोचीची. दाणा चोचीत फिरवून ती साल काढते आणि आतला गर खाते. पोकळ किंवा खवट दाणा लगेच टाकते, आणि असाच दाणा मिळत राहिला की थवा दुसरीकडं वळतो.

आपल्या बेळगाव भागात खानापूर-जांबोटीच्या झाडीकडं पांढऱ्या पाठीची मनोली, अथणीच्या कोरड्या माळावर पांढऱ्या कंठाची, आणि भात-उसाच्या बांधाला ठिपकेवाली. तिघींनाही बारीक तृणधान्य आवडतं. त्यात राळे सगळ्यांत उत्तम.

राळे सालासकट घ्या. सोललेले राळ्याचे तांदूळ लवकर खराब होतात. बेळगावच्या रविवार पेठेत राळे म्हणून कळलं नाही तर नवणे (राळ्याचं कन्नड नाव) मागा. किलोभर राळ्यात पाव किलो नाचणी आणि पाव किलो बारीक बाजरी मिसळा. कारळे (कन्नडमध्ये गुरेळ्ळु) मूठभर पुरेत. त्यात तेल असल्यानं ते लवकर खवटतात, म्हणून एका वेळी पाव किलोच्या वर आणू नका. ताजं कारळं काळं चकचकीत असतं आणि कागदावर नखानं दाबलं की तेलाचा डाग उमटतो. धुरकट दिसलं आणि डाग उमटला नाही, तर परत करा.

राळ्याची परीक्षा घरीच होते. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा आणि फडकं ओलं ठेवा. चार-पाच दिवसांत पंधरा तरी मोडावले पाहिजेत. दहाच्या खाली आले तर तो माल जुना.

एक गोष्ट कधीच चालणार नाही: पेरणीचं बी. गुलाबी किंवा हिरवा रंग दिलेल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, त्यानं पाखरं मरतात. कीड लागू नये म्हणून धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्याही नकोत. घट्ट झाकणाचा कोरडा डबा आणि वर कडुलिंबाचा वाळलेला पाला एवढं पुरतं.

थाळी साधारण एक फूट लांब-रुंद, काठ दीड इंच, तळाला बारीक जाळी, म्हणजे पाणी निथळतं. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, गुळगुळीत लोखंडी पाइपवर बसवा. जास्वंद किंवा मेंदीचं कुंपण सात-आठ फुटांवर असू द्या: पाखराला लपायला जवळ, मांजराला उडी मारायला लांब. खार चढत असेल तर पाइपवर पत्र्याचं उलटं नरसाळं घाला. मुंग्यांसाठी पाइपला ग्रीस फासू नका, ते पिसांना चिकटतं; पाइपचा पाय पाण्याच्या वाडग्यात ठेवा. पारवे सगळं फस्त करत असतील तर दीड-दोन इंची चौकटीची जाळी भोवती बसवा. मनोली आत जाते, पारवा बाहेर राहतो.

पहिले आठ दिवस थाळीत दाणा घालण्याआधी राळ्याची चार-पाच कणसं जुडी बांधून शेजारी उलटी टांगा. मनोलीला कणसाला लटकून खायची सवय असते. रानातली ओळखीची वस्तू दिसली की ती उतरते. एक आली की मागून थवा येतो. मग रोज सकाळी दोन मुठी, संध्याकाळपर्यंत संपतील एवढंच.

इथं बरेच जण फसतात. थाळी भरलेली दिसते म्हणून नवा दाणा घालत नाहीत, पण वर असतो तो नुसता कोंडा. वाकून हळूच फुंकर मारा. फोलपटं उडाली की खाली किती दाणा उरलाय ते कळतं. रोज ही फुंकर मारायचीच.

भिजलेला दाणा त्याच दिवशी फेकावा, बुरशी विषारी असते. आठवड्याला थाळी साबणानं घासून कडक उन्हात वाळवा. पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेलं पाखरू दिसलं तर दोन आठवडे दाणा बंद ठेवा, नाहीतर रोग पसरतो. पाण्याचा परळ मात्र उथळ असावा, दोन इंचांहून खोल नको, मधे एक दगड. पाणी रोज बदला.

जुलैपासून मनोल्या कमी झाल्या तर काळजी करू नका. तेव्हा रानात गवत पिकायला लागतं आणि घरटी बांधायचे दिवस असतात. त्या काळात थाळी बंद ठेवली तरी चालेल, पण परड्याच्या एका कोपऱ्यातलं गवत कापू नका. घरट्यासाठी त्यांना लांब पाती लागतात. तिथंच जूनच्या पहिल्या पावसावर मूठभर राळे फेकून द्या. साधारण तीन महिन्यांत कणसं भरतात, आणि ती काढायची गरज नाही.