वजन कमी करायचंय? आधी आपला कॅलरीचा आकडा काढा
कुणी सांगितलं म्हणून डायरेक्ट 1200 कॅलरीवर येऊ नका. वजन किलोत गुणिले 10, त्यात उंची सेंमीत गुणिले 6.25 मिळवा, वय गुणिले 5 वजा करा, मग बायकांनी अजून 161 वजा आणि पुरुषांनी 5 अधिक. बैठं काम असेल तर याला 1.2 ने गुणा, थोडंफार चालणं असेल तर 1.375 ने, आणि आलेल्यातून 400-500 कमी करा, बास.

आपल्या सोलापुरात खरी गडबड शेंगा चटणीत होते, कडक भाकरी उगाच बदनाम. 30 ग्रॅम शेंगदाण्यातच 170 च्या आसपास कॅलरी, वर मोठा चमचाभर तेल सोडलं की आणखी 120! चटणी बंद करू नका हो, फक्त मोजून घ्या. शुगरची गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.