काजूची कलमं वरून सुकत होती, खालून फुटत होती : माझा अनुभव

लक्षण असं : जोडाच्या (खालच्या खुंटावर चांगल्या जातीची काडी जिथे बांधतात, त्या जागेच्या) वरची पानं पिवळी पडून शेंडा सुकतो, जोडाखालून मात्र खुंटाचे तजेलदार फुटवे येतात. लांबून झाड जगल्यासारखं दिसतं, म्हणून फसायला होतं.

मोहोळकडच्या आमच्या मुरमाड तुकड्यात जुलैत वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या जातींची वीस कलमं लावली. सहा मित्र आले होते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गप्पांच्या नादात खड्डे भरले गेले. महिन्याभरात सहा कलमं गेली. पाणी वाढवलं, युरिया दिला, ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतलं. पैसे आणि झोप दोन्ही गेली.

शेवटी एका बुंध्याची माती बोटांनी उकरली. जोड चार बोटं मातीत, आणि त्यावर प्लास्टिकची पट्टी तशीच! सालीत रुतून वळ उठला होता.

मग ढगाळ दिवस बघून उरलेली चौदा कलमं मातीच्या गड्ड्यासकट उचलली. तळाला माती भरून पुन्हा बसवली, जोड जमिनीवर चार बोटं राहील अशी. पट्टीला ब्लेडने उभा छेद देऊन ती अख्खी सोडवली. ओढायची नाही, साल निघते. जोडाखालचे फुटवे बुडापासून काढले. काठीला सुती चिंधीने सैल बांधलं. आळं बुंध्यापासून वीतभर लांब केलं, वर तुरीचं भुसकट, पश्चिमेला कडब्याचा आडोसा.

तीन आठवड्यांनी बारा कलमांना जोडाच्या वर तांबूस पालवी आली. फुटवे अजून दर पंधरवड्याला काढतो.