सिमेंटच्या बदकाला तांब्याचा जुना रंग, माझा अनुभव

कॉलेज रोडच्या आमच्या गॅलरीत सिमेंटचं एक बदक होतं, पोपडे सुटलेलं, आई म्हणे टाकून दे. मी पॉलिश पेपरने घासलं, धुवून 2 दिवस उन्हात वाळवलं, मग प्रायमर आणि वर चॉकलेटी बेस. तांब्याचा मेटॅलिक रंग पहिल्यांदा ब्रशने सपाट फासला तर चक्क खेळणं दिसायला लागलं! परत चॉकलेटी मारून यावेळी स्पंजने टिपटिप केलं, खालचा रंग मधेमधे दिसू दिला. भांडी बाजारातल्या जुन्या घंगाळाच्या खाचेत हिरवट कळंक असतो ना, तसा हिरवा-निळा ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून फक्त पिसांच्या खाचांत सोडला, उंचवट्यावरचा लगेच फडक्याने पुसला. शेवटी मॅट वॉर्निश, चकचकीत नको. आता आईच विचारते, पितांबरीने घासू का?