बायपासनंतर ताटात आधी काय वाढायचं

‘पोट लहान केलं म्हणून कमी जेवतेस,’ असं मला सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं. गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची जठर-आतड्याची शस्त्रक्रिया, करून सांगलीला घरी परतले तेव्हा वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं, पण रोजचं ४० युनिट इन्सुलिन डॉक्टरांनी १० वर आणलं होतं. हे कसं झालं ते समजल्यावरच मला ताट वाढायला जमलं.

बायपासनंतर अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात सोडून थेट पुढे उतरतं. ते आतड्याच्या शेवटाकडे लवकर पोचतं, आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सोडतात. जीएलपी-१ स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं. दोन्ही मिळून मेंदूला ‘बास’ म्हणतात. (वजन कमी करण्याची हल्लीची इंजेक्शनं जीएलपी-१चीच नक्कल करतात.) नुसत्या डाएटनं वजन उतरवलं की उलट घडतं. २००२ च्या एका अभ्यासात अशा लोकांचं भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन २४ टक्क्यांनी वाढलं होतं, बायपास झालेल्यांचं मात्र फार कमी होतं. मी पंधरा वर्षं उपास करून हरले; तो माझ्या जिभेचा दोष नव्हता, हे वाचून मी रडले होते.

तर, घन आहाराची परवानगी मिळाली की पहिले चार-पाच घास प्रथिनांचे घ्या: मुगाचं घट्ट वरण, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, पनीर. प्रथिनांनी ही हार्मोन्स चांगली जागी होतात. मग भाजी. जागा उरली तरच चतकोर भाकरी. मी चहाच्या चमच्यानं जेवते, वीस-पंचवीस मिनिटं लावते, पाणी अर्ध्या तासानं पिते. ‘बास’ची खूण प्रत्येकाची वेगळी असते. मला उचकी लागते. उचकी आली की पुढचा घास नाही, वाटीत एकच घास उरला असला तरी नाही.

गोडाबद्दल मात्र काळजीनं सांगते. दुसऱ्या वर्षी होळीला अख्खी पुरणपोळी खाल्ली. दोन तासांनी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, ग्लुकोमीटरवर साखर ५२, म्हणजे फारच कमी. साखर झपाट्यानं आतड्यात उतरली, जीएलपी-१ उसळलं आणि इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटलं. असं झालं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली थोडी साखर घ्या, नंतर प्रथिनांचं काहीतरी खा आणि डॉक्टरांना कळवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका.

बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचंच. माझा गोळ्यांचा डबा मिठाच्या बरणीशेजारी असतो. लोह सकाळी, कॅल्शियम जेवणानंतर. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवते.