महिन्याभरात दहा किलो? आधी या चुका टाळा

सोमवारी सकाळी क्लिनिकचं कुलूप काढायच्या आत फोन वाजायला लागतो. "मॅडम, पंचवीस तारखेला साखरपुडा आहे. तोपर्यंत किती उतरेल?" कोथरूडमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागून मला अठरा वर्षं झाली, प्रश्न तोच आहे. फक्त खापर कुणाच्या माथी फोडायचं ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. आधी तूप, मग भात, मग गहू. सध्या हॉर्मोनची पाळी आहे. "माझं घ्रेलिन वाढलंय मॅडम, त्यावर काही गोळी?" परवा एक जण खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला.

हॉर्मोनवर माझा राग नाही. उलट हा शब्दच मुळात आतड्यामुळे आला. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांना आतड्याच्या अस्तरातून निघून रक्तावाटे स्वादुपिंडाला कामाला लावणारं सिक्रेटिन सापडलं, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा पदार्थांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. भूक चाळवणारं घ्रेलिन त्या मानाने कालपरवाचं, १९९९ सालचं, जपानमधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं. जेवणाआधी चढतं, जेवल्यावर उतरतं. 'आता पुरे' म्हणणारी मंडळी संख्येने जास्त आहेत. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की सीसीके नावाचं हॉर्मोन सुटतं. जीएलपी-१ आणि पीवायवाय ही दोन्ही बरीचशी आतड्याच्या खालच्या भागातून येतात. एवढं कळलं तरी लोक कुठे घसरतात ते दिसायला लागतं.

साडेसहा मिनिटांचा डबा

नव्या माणसाला मी पहिल्या भेटीला डबा घेऊन यायला सांगते. लोकांना वाटतं, दाखवायला. मी समोर बसून खायला सांगते, मग जरा ओशाळतात.

हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा आला होता, बत्तीस वर्षांचा. डबा दृष्ट लागण्यासारखा: तीन पोळ्या, फ्लॉवर-बटाट्याची भाजी, मुगाची आमटी, भात, कोपऱ्यात काकडीची कोशिंबीर. आईने भरलेला. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हाताने एका पोळीचे चार घास. आमटी भातावर उपडी. कोशिंबिरीला शेवटपर्यंत हात नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. साडेसहा मिनिटांत झाकण लागलं आणि साहेब विचारतात, "खाली वडापाव मिळतो ना?"

"पोट भरलं नाही?"

"तेच तर कळत नाही मॅडम."

"कळेल कसं? निरोप्या अजून पायात चपला सरकवतोय आणि तुम्ही डबा विसळायला निघालात."

पोट ताणल्याचा संदेश मज्जातंतूंतून लगेच जातो, पण हॉर्मोनना वेळ लागतो. सीसीके आणि पीवायवाय चांगली चढायला पंधरा-वीस मिनिटं जातात, पीवायवाय तर त्यानंतरही बराच वेळ चढत राहतं. अथेन्समध्ये काही संशोधकांनी सतरा निरोगी पुरुषांना प्रत्येकी ३०० मिलिलिटर आइस्क्रीम दिलं, एकदा ५ मिनिटांत संपवायला आणि एकदा ३० मिनिटांत. माप तेच, कॅलरी त्याच. सावकाश खाल्लं तेव्हा जीएलपी-१ आणि पीवायवाय जास्त चढलं. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी हे सांगितलं की लोकांना त्यातलं आइस्क्रीम तेवढं लक्षात राहतं.

उपाय म्हणाल तर मी स्वतः जे करते तेच सांगते. बत्तीस वेळा चावा वगैरे मी कुणाला सांगत नाही, हिशेब करत कुणी जेवत नाही. मी आधी कोशिंबीर आणि उसळ संपवते, मग पोळी-भाजी, भात शेवटी. पोळी संपली की उठून माठातलं पाणी आणते आणि पुन्हा बसते. ते उठणं-बसणं महत्त्वाचं. तेवढ्यात तीन-चार मिनिटं जातात आणि भात लागणार आहे की नुसता हवा आहे ते समजतं. भाजी आणि प्रथिनं आधी, पोळी-भात नंतर या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते, हे न्यूयॉर्कमधल्या ११ मधुमेहींवरच्या एका छोट्या अभ्यासात २०१५ साली दिसलं होतं. आता पंगतीत पहिला वाढतात तो वरणभात, हे मलाही माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत मी मुकाट्याने वरणभाताने सुरुवात करते. रोज कुठे पंगत असते?

दोन महिन्यांनी त्या मुलाच्या आईचा फोन आला. आवाजात काळजी. "अहो, याचा डबा एक पोळी ठेवून परत येतोय. बरं नाहीये का त्याला?"

काकडी आणि सूपवर चाळीस दिवस

ही चूक माझीच. व्यवसायाला दुसरं वर्ष होतं, क्लिनिकचं भाडं निघत नव्हतं. एक मुलगी आली, धाकट्या दिराचं लग्न डिसेंबरात, शालू नेसून मिरवायचं होतं. चाळीस दिवस होते. मी तिला दिवसाला जेमतेम आठशे कॅलरींचा तक्ता लिहून दिला: सकाळी पपई, दुपारी काकडी-टोमॅटो आणि ताक, रात्री दुधीचं सूप. माझ्याच अक्षरात, माझ्याच लेटरहेडवर. सात किलो उतरले. लग्नात तिने मला चार जणींना दाखवलं, "याच त्या". त्या हंगामात माझ्याकडे नऊ नवीन बायका आल्या.

गुढीपाडव्याच्या सुमारास ती परत आली. नऊ किलो वाढून. रडत म्हणाली, "माझ्यात कंट्रोलच नाही हो. श्रीखंडाचं अर्धा किलोचं भांडं रात्री उभ्याने संपवलं." आणि मी, लाज वाटते सांगायला, तिला मनोनिग्रहावर भाषण दिलं.

पुढे २०११ साली मेलबर्नमधला एक अभ्यास वाचला आणि ते भाषण आठवून घशाला कोरड पडली. पन्नास जाड माणसांना दहा आठवडे अगदी तुटपुंज्या कॅलरींवर ठेवलं, सरासरी १३.५ किलो उतरले. भूक लावणारं घ्रेलिन वाढलं. पीवायवाय, सीसीके, आणि चरबीतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन घटलं. इथपर्यंत नवल नाही. पण वर्षभरानंतर, थोडं वजन परत आल्यावरही, हॉर्मोन जागेवर आलेले नव्हते आणि माणसं आधीपेक्षा जास्त भुकेली होती. शरीराला साखरपुडा आणि दुष्काळ यातला फरक समजत नाही. ती मुलगी रात्री फ्रिजसमोर उभी होती ते बेशिस्त म्हणून नव्हे. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपण थट्टेने म्हणतो, पण त्यामागे पोटाची स्वतःची वहिवाट आहे.

शिवाय सात किलो गेले त्यात स्नायूही गेले, आणि नऊ आले ते मुख्यतः चरबीचे. आपल्या भारतीयांना हे फार महागात पडतं. इथल्याच, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय दोघांचा एकच आकडा दाखवतो. म्हणून मी आता काट्याआधी कमरेचं माप घेते, आणि चाळीस दिवसांची ऑर्डर घेत नाही. महिन्याला दीड-दोन किलो, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं यांतलं काहीतरी, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं. ऐकून निम्मे लोक उठून जातात. जाऊ देत.

मित्राने दिलेलं इंजेक्शन

२०२५ मध्ये मार्चला टिर्झेपेटाइड आणि जूनला वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि माझ्या फोनचा सूर पालटला. आपल्या आतड्यातलं जीएलपी-१ रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, त्याचीच नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइडला त्यासाठी जवळपास आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एक टोचलं की भागतं. औषध खरं आहे. सेमाग्लुटाइडच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांकडून घ्यावं, त्यात कमीपणा कसला? मीच दोघा-तिघांना पाठवलंय.

पण सेमाग्लुटाइडची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने करून महिन्या-महिन्याने वाढवायची असते. एका गृहस्थांनी मित्राचं उरलेलं पेन घेतलं आणि थेट १ मिलिग्रॅम टोचून त्याच रात्री मिसळ खाल्ली, तर्रीसकट. जठर रिकामं व्हायचा वेग औषधाने आधीच मंदावलेला. दोन दिवस उलट्या, मग सलाइन. बायकोला सांगितलं होतं बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आहे.

दुसरी घाई थांबवण्याची. त्याच चाचणीतल्या लोकांचं औषध बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा "तीन महिने घेतो, मग सोडतो" असं मनाशी ठरवून सुरू करू नका. आणि भूक मेली म्हणून दिवसभर चहा-बिस्किटावर काढू नका. भूक कमी असेल तेव्हा तर आधी डाळ आणि अंडं.

बाकी किरकोळ चुका

घ्रेलिनची रक्ततपासणी करून घेणं. पैसे वाचवा, ते दिवसात अनेकदा चढतं-उतरतं, आणि जाड माणसांत बहुधा कमीच सापडतं.

जीएलपी-१ वाढवणारी पावडर. मटकीच्या उसळीत आतड्याला लागणारा तंतू आहे आणि ती मंडईत मिळते.

टेकडी उतरून पायथ्याशी दुधीचा रस. चावायला काही उरत नाही, पोटात थांबत नाही. आणि दुधी कडू लागला तर मुकाट्याने ओतून द्या, तो विषारी असतो, औषधी नव्हे.

चार वाजताची भूक दाबणं. घ्रेलिन रोजच्या वेळा शिकतं. वीस वर्षं चारला चहा-खारी दिली असेल तर चारला हजर होणारच. खायला नाही दिलं तरी तासाभरात ओसरतं. खारीऐवजी मूठभर फुटाणे द्या, मला तेवढ्याने पुरतं.

रात्री दोनपर्यंत वेब सिरीज आणि सकाळी भुकेची तक्रार. शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. मी साडेदहाला फोन स्वयंपाकघरात ठेवून येते. त्यानंतरचे "मॅडम, आत्ता केळं खाऊ का" सकाळी वाचते.

तोंड वाकडं करून खाणं. अमेरिकेत एकच ३८० कॅलरींचा मिल्कशेक लोकांना दोनदा दिला, एकदा 'श्रीमंती' म्हणून आणि एकदा 'हलका' म्हणून. 'श्रीमंती' समजून प्यायल्यावर घ्रेलिन जास्त खाली आलं. तेव्हा ज्वारीची भाकरी खायची तर ठेच्याबरोबर, चवीने खा. "डाएटचं आहे" असं म्हणत गिळू नका, तासाभराने बाकरवडीच्या डब्याशी सापडाल.

वेळ घेऊन यायचं असेल तर दुपारी जेवणाच्या वेळेची घ्या. डबा घरचाच आणा, माझ्यासाठी म्हणून वेगळा भरू नका. मोबाइल बाहेरच्या बाकावर ठेवायचा आहे.