दम लागला की आधी श्वास सोडा

सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या माणसाला दम लागला की तो घाईघाईने हवा आत ओढू लागतो. खरी अडचण मात्र बहुतेक वेळा वेगळीच असते: आधीची हवाच पुरती बाहेर पडलेली नसते. श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, श्वास सोडताना त्या लवकर मिटतात आणि हवा आत अडकते. मग नव्या हवेला जागा कुठून मिळणार?

म्हणून लक्ष श्वास सोडण्याकडे द्या. खांदे सैल सोडा. तोंड मिटून, नाकाने २ अंक मोजेपर्यंत श्वास घ्या. फार खोल नको, नेहमीसारखाच. आता शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करा आणि ४ अंक मोजत हवा हळूहळू सोडा. समोर मेणबत्ती आहे, ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये, इतकाच जोर. ओठांच्या या अडथळ्यामुळे आत थोडा दाब टिकतो आणि नलिका जास्त वेळ उघड्या राहतात.

सराव दम लागलेला नसताना करा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जीव घाबरा झाल्यावर नवं काही सुचत नाही. हात बसला की जिन्यावर वापरा: थांबून श्वास घ्या, सोडता सोडता २ पायऱ्या चढा. काही उचलतानाही जोर लावायचा तो श्वास सोडतानाच. श्वास कधीही रोखून धरू नका. चक्कर आली तर थांबा. इनहेलर चालूच ठेवा. ओठ निळसर पडले किंवा बोलताना वाक्य पूर्ण होईना, तर व्यायाम करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.