लेझर कणमापक यंत्राची अचूकता कशी तपासावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींसाठी बेंटोनाइटचे (साच्याची वाळू बांधून ठेवणारी माती) कण मोजणाऱ्या प्रयोगशाळेने यंत्राची परीक्षा त्याच भुकटीवर घेऊ नये, कारण तिचे खरे माप कोणालाच ठाऊक नसते. त्याऐवजी प्रमाणित, म्हणजे प्रमाणपत्रावर माप दिलेल्या, काचमण्यांची एकवेळची बाटली संपूर्ण वापरावी. चमचाभरच काढल्यास हादऱ्यांनी वर आलेले जाड कण अधिक येतात आणि नमुनाच बिघडतो. पाण्यातले बुडबुडे मोठ्या कणांचे खोटे शिखर दाखवतात, म्हणून पाणी आधी वायुमुक्त करावे. काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते तो आकडा, सुमारे 1.5) यंत्रात नोंदवून डी10, डी50 आणि डी90 (आकारमानाने अनुक्रमे 10, 50 आणि 90 टक्के कण ज्याहून लहान असतात ती मापे) यांची तुलना प्रमाणपत्रातील मूल्यांशी, तेथील अनिश्चितता धरूनच करावी. पुन्हापुन्हा सारखाच आकडा आला म्हणून समाधान मानू नये. अपवर्तनांक चुकला असला तरी आकडा सारखाच येतो. तफावत राहिल्यास मापनकक्षाची काच पुसून, किरणाची जुळणी करून नवी बाटली घ्यावी.